व्हिएतनामचा 'तुओई त्रे' युवक संघटनेचा पेपर आहे, मग लोक तो पैसे देऊन एवढा मन लावून का वाचतात?

अंबडकर
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे पण डोक्यातून जातच नाहीये म्हणून टाकतोय. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सर्व्हिस इंजिनिअर आहे, मागच्या महिन्यात मशीन बसवायला बारा दिवस हो ची मिन्ह सिटीला जाऊन आलो. हॉटेलखाली फुटपाथवर एक काका रोज सकाळी बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून बर्फाची कॉफी घेत पेपर वाचायचे. आपल्याकडे सीबीएस बसस्टँडजवळच्या टपरीवर कटिंग घेऊन वाचतात ना, अगदी तसंच, पेपरची दुहेरी घडी करून गुडघ्यावर. शेवटच्या दिवशी त्यांनी तो पेपर मलाच देऊन टाकला. नाव 'तुओई त्रे', म्हणजे तरुण वय. त्यातल्या ओ वर एक टोपी आणि टोपीच्या वर परत प्रश्नचिन्हासारखा आकडा, असलं अक्षर मी पहिल्यांदाच बघितलं.

तर नावाजवळच्या बारीक ओळीवर मोबाईलचा कॅमेरा धरला तेव्हा कळलं की हे हो ची मिन्ह कम्युनिस्ट युवक संघाच्या शहर शाखेचं मुखपत्र आहे. आता मुखपत्र म्हटलं की आपल्याला काय आठवतं, साहेबांचे फोटो, सत्कार, भाषणं. आमच्याकडे असला पेपर कार्यकर्ते फुकट टाकून जायचे आणि आई तो न उघडताच डब्यांखाली अंथरायची. मग हे काका पानन् पान का वाचत होते? तिकडे राहिलेलं कोणी आहे का इथं?

बागाईतदार_पिंपळगाव
कम्युनिस्ट देश आहे, दुसरा पेपरच नसेल, मग जो मिळेल तो वाचणार माणूस. आणखी काय कारण असणार.

सायगॉन_रिटर्न
नाही भाऊ, तसं नाहीये, पेपर ढीगभर आहेत. मी चार वर्षं होतो तिकडे कामाला (हो ची मिन्ह सिटीला तिथली माणसं बोलताना अजून सायगॉन या जुन्या नावानंच ओळखतात). मुद्दा असा की तिथं खाजगी मालकीचा पेपर काढताच येत नाही, प्रत्येक पेपर कुठल्या ना कुठल्या सरकारी किंवा पक्षाच्या संस्थेच्या नावावरच चालतो. 'लाओ डोंग' कामगार महासंघाचा, 'न्यान झान' थेट पक्षाचा. युवकांचेच तीन मोठे आहेत, 'तिएन फोंग' १९५३ चा, तो युवक संघाच्या केंद्रीय समितीचा, १९८८ पासून मिस व्हिएतनाम स्पर्धा तोच भरवतो. 'थान निएन' १९८६ चा, तो युवक महासंघाचा. आणि तुझ्या काकांचा 'तुओई त्रे' शहर शाखेचा. म्हणजे मुखपत्र तर सगळेच आहेत, तेव्हा लोक पेपर निवडतात ते आत काय छापलंय ते बघून.

'तुओई त्रे'चं मूळ व्हिएतनाम युद्धाच्या काळात सायगॉनची कॉलेजची पोरं जी युद्धविरोधी पत्रकं काढायची त्यात आहे. ३० एप्रिल १९७५ ला युद्ध संपलं आणि २ सप्टेंबरला, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय दिनालाच, पहिला अंक आला. आधी साप्ताहिक होतं, मग आठवड्याचे दिवस वाढत वाढत २००६ मध्ये रोजचा झाला. १९८४ मध्ये त्यांनी 'तुओई त्रे कुओई' म्हणून हसऱ्या व्यंगचित्रांचं मासिक काढलं, आणि हे कधी, तर तांदूळ-कापडसुद्धा कुपनावर मिळायचं आणि आर्थिक सुधारणा यायला अजून दोन वर्षं होती तेव्हा! रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला आपलं दुखणं छापलेलं दिसलं की तो पेपर आपला वाटणारच ना. पुढं विक्री आणि जाहिरातींवर पेपर स्वतःच्या पायावर उभा राहिला, त्यामुळं वाचक सांभाळणं भागच होतं.

आणि युवक संघटनेचा उपयोगही मी बघितलाय. २००३ पासून ते युनिव्हर्सिटीत नंबर लागलेल्या गरीब पोरांना स्कॉलरशिप देतात, 'तिएप सुक देन त्रुओंग' नावाची, म्हणजे शाळेपर्यंत पोचायला बळ. प्रांताप्रांतातल्या युवक संघाच्या शाखा सोबत असतात म्हणून खेड्यातलं पोरगं सापडतं. आमच्या ऑफिसातली एक मुलगी त्याच पैशांवर शिकली होती, तिच्या टेबलाच्या काचेखाली ते कात्रण होतं, पिवळं पडलेलं, तरी काढून टाकू द्यायची नाही.

बागाईतदार_पिंपळगाव
ओके, हे माहीत नव्हतं. पण मग सरकारविरुद्ध लिहिलं तर? तिथं कळतं पेपर कुणाचा ते.

जुना_डेस्कवाला
बागाईतदार, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. मी नाशकात एका दैनिकात २६ वर्षं डेस्कवर होतो, आता पंचवटीत घरी असतो, त्यामुळं या पेपरबद्दल मला ओढ आहे ती त्यांनी मोजलेल्या किमतीमुळं.

१९९१ मध्ये 'तुओई त्रे'नं व्हिएतनामचे राष्ट्रपिता मानले जाणारे हो ची मिन्ह यांचं तरुणपणी एका चिनी बाईशी लग्न झालं होतं अशी माहिती छापली. आयुष्यभर देशासाठी अविवाहित राहिले ही त्यांची अधिकृत प्रतिमा, त्यामुळं संपादक किम हान यांना खुर्ची सोडावी लागली. मग २००६ चं पीएमयू १८ प्रकरण, परिवहन मंत्रालयाचं रस्ते-पूल बांधणारं युनिट, परदेशी मदतीचा पैसा हाताळणारं, आणि त्याचा प्रमुख फुटबॉलवर लाखो डॉलरचा सट्टा लावत होता. 'तुओई त्रे' आणि 'थान निएन' दोघांनी ते लावून धरलं, परिवहन मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. पण दोन वर्षांनी, मे २००८ मध्ये, अटक कुणाला झाली तर 'तुओई त्रे'चे न्गुएन वान हाय आणि 'थान निएन'चे न्गुएन विएत चिएन या दोन बातमीदारांना! तेव्हा या मुखपत्रांनी पहिल्या पानावर आपल्या माणसांची बाजू घेतली, 'थान निएन'नं तर प्रामाणिक पत्रकारांना सोडलंच पाहिजे असा मथळा दिला. मी डेस्कवर ती एजन्सीची बातमी वाचली होती आणि कितीतरी वेळ हातातच धरून बसलो होतो. ऑक्टोबरमध्ये चिएन यांना दोन वर्षं तुरुंग झाला, हाय यांना दोन वर्षं तुरुंगाबाहेरची शिक्षा.

२०१८ मध्ये परत तेच. निदर्शनांचा कायदा हवा याला राष्ट्राध्यक्ष सहमत आहेत अशी बातमी वेबसाईटवर आली, सरकार म्हणालं ते असं बोललेच नाहीत, आणि साईट तीन महिने बंद, वर २२ कोटी डोंग दंड. छापील पेपर तेवढा चालू राहिला.

आता आपल्याकडचं सांगतो. मुखपत्र हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, पण संघटनेचा पेपर म्हणजे टाकाऊ असं मी मानत नाही. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' काढलं, राष्ट्र सेवा दलाच्या माणसांचा त्याच्याशी कायम घरोबा, आमच्या घरी वडील ते अंक दोऱ्यानं शिवून ठेवायचे. आणि मालक खाजगी म्हणजे हात मोकळे असंही नाही. माझी एका बिल्डरची बातमी, कागदपत्रं सगळी हातात, पान सुटायला वीस मिनिटं असताना उतरवली गेली आणि त्या जागी मला स्वतःच्या हातानं पाककृतीचा फिलर लावावा लागला. नाचणीच्या लाडवांचा होता, अजून आठवतो. मला अटक नाही झाली, नोकरीही टिकली, म्हणून हाय आणि चिएन यांच्याबद्दल बोलताना माझा आवाज खाली येतो.

सायगॉन_रिटर्न
काका, हे शेवटचं वाचून गलबलून आलं. एक जोडतो, चिएन यांना पूर्ण शिक्षा भोगावी लागली नाही, २००९ च्या तेतला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, सोडलं.

अंबडकर
सगळ्यांचे मनापासून आभार, डेस्कवाले काकांचे जास्त. ते कॉफीवाले काका सत्तरीच्या आसपासचे असतील, म्हणजे पहिला अंक आला तेव्हा तेही कॉलेजच्या वयाचेच. पेपर देताना त्यांनी आतल्या पानावरच्या एका बातमीवर बोट ठेवून मला काहीतरी दोन-तीनदा सांगितलं होतं, मी नुसती मान हलवली कारण फ्लाईटची घाई होती. कॉफीचा एक गोल डाग पण पडलाय तिथं, त्यामुळं बातमी कुठली ते लगेच सापडलं. आत्ता अंक समोर काढून बसलोय, कॅमेरा धरून ओळ ओळ लावतो.