ब्रिटनची विकासमदत : बहुपक्षीय संस्थांना दिलेला शब्द पाळलाच पाहिजे का?

मूळ मत :
राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम परदेशी विकासमदतीसाठी खर्च करण्याचे बंधन ब्रिटिश संसदेने २०१५ साली कायद्याने सरकारवर घातले. कोविडचे कारण देऊन २०२१पासून हे प्रमाण ०.५ टक्क्यांवर आणले गेले आणि फेब्रुवारी २०२५मध्ये पंतप्रधान किअर स्टार्मर यांनी संरक्षणखर्च वाढवण्यासाठी ते २०२७पर्यंत ०.३ टक्क्यांवर नेण्याचे जाहीर केले. विकासमंत्री ॲनेलीझ डॉड्स यांनी त्यावर राजीनामा दिला. ही घसरण मला केवळ रकमेमुळे खटकत नाही. बहुपक्षीय संस्था, म्हणजे अनेक देशांच्या पैशावर चालणाऱ्या जागतिक संस्था, या सरकारांच्या दीर्घ मुदतीच्या हमीवर पुढचे करार करतात. २००९ साली ब्रिटन, इटली, कॅनडा, रशिया, नॉर्वे आणि गेट्स फाउंडेशन यांनी न्यूमोनियासारख्या आजारांपासून वाचवणाऱ्या न्यूमोकोकल लसीच्या खरेदीसाठी दीड अब्ज डॉलरची आगाऊ हमी दिली. तेवढी खरेदी नक्की होणार हे ठाऊक असल्यामुळेच उत्पादकांना क्षमता वाढवणे परवडले, आणि दशकभराने, २०२० साली, आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस त्याच योजनेत मात्रेला दोन डॉलर दराने आली. दर अर्थसंकल्पात शब्द फिरवणाऱ्या सरकारांच्या भरवशावर असे काही उभे राहिले नसते.

प्रतिसाद १ :
मी याच्याशी असहमत आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर संरक्षणाकडे पैसा वळवणे ही निवडून आलेल्या सरकारची जबाबदारी आहे, आणि दहा वर्षांपूर्वीच्या संसदेने आजच्या संसदेचे हात बांधून ठेवावेत हे लोकशाहीत बसत नाही. शिवाय जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघटनेसाठी (गरीब देशांना स्वस्त कर्जे व अनुदाने देणारी शाखा) ब्रिटनने २०२४मध्ये १.९८ अब्ज पौंड देऊ केले, जे निधी उभारणीच्या आधीच्या फेरीतील सुमारे १.४ अब्जांपेक्षा जास्तच होते. एकूण रक्कम आटत असताना असे मोठे आकडे आधीच बांधून ठेवले, की कुऱ्हाड पडते ती थेट देशांना दिल्या जाणाऱ्या मदतीवर. बहुपक्षीय बांधिलकीची ही किंमत आपल्या मांडणीत कुठेच येत नाही.

प्रतिसाद २ :
बहुपक्षीय रक्कम सुरक्षित राहते हे गृहीतकच मला मान्य नाही. २०२१च्या कपातीत जागतिक पोलिओ निर्मूलन मोहिमेचे १० कोटी पौंड ५० लाखांवर आले, तर संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या कुटुंबनियोजन साधनांसाठीचे १५.४ कोटी २.३ कोटींवर आले. उलट २०२२ आणि २०२३मध्ये मदतीच्या एकूण खर्चापैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक पैसा ब्रिटनमध्येच, निर्वासितांच्या निवासादी व्यवस्थेवर गेला. त्यांना आसरा द्यावा हे निर्विवाद आहे. परंतु तो खर्च गृहखात्याने स्वतःच्या तरतुदीतून करावा. थेट मदत आटण्याचे मोठे कारण तेथे आहे.

प्रतिसाद १, पुन्हा :
पोलिओचे उदाहरण मला मान्य आहे, आणि ती कपात मीही चुकीचीच मानतो. निर्वासितांवरील पहिल्या वर्षाचा खर्च मात्र ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या नियमांनुसारच मदतीत धरला जातो, त्यामुळे तक्रार त्या नियमाविरुद्ध असावी. माझा मूळ मुद्दाही कायम आहे : लक्ष्य चुकले तर मंत्र्याने संसदेपुढे निवेदन करावे, याहून अधिक काही २०१५चा कायदा मागत नाही.

मूळ लेखक :
माझी मागणी नेमकी तेथूनच सुरू होते. न्यूमोकोकल लसीची हमी टिकली, कारण दात्यांनी करारावर सह्या केल्या होत्या आणि पैशाची जबाबदारी जागतिक बँकेने घेतली होती. पोलिओ मोहिमेला तसा करार असता, तर एका वर्षात ९५ टक्के कपात करणे सरकारला इतके सोपे गेले नसते.