मदत हवी आहे: तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) कमी, हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवू का?

खानापूरला असतो. गाडी 1998 ची, 796 सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटरवाली. निवांत उभी असताना थरथरते आणि चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरलाही रडते.

काल अंगणातच कॉम्प्रेशन तपासलं. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, बॅटरी फुल चार्ज. भावानं अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला, प्रत्येकी सहा फेरे. गेज स्क्रूवालं आहे, हातानं दाबून धरायचं नाही. रीडिंग 165, 160 आणि तिसऱ्याला 105 पीएसआय. दोनदा घेतलं, तेच. मग तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं तर जेमतेम 110. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेलेल्या नसाव्यात, व्हॉल्व्ह वाटतोय. तिसरा प्लग काळाकुट्ट, ओला. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, ऑइलही दुधाळ नाही.

मिस्त्री म्हणतात, सरळ हेड उतरवून बेळगावला लेथवर न्या. पण टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट) कित्येक वर्षांत कुणी बघितलेलेच नाहीत. फट मोजायचं फीलर गेज आहे. लीकडाऊन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणारं यंत्र) नाही, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मात्र मिळेल.

टॅपेट घट्ट बसल्यानं एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन एवढं पडू शकतं का? आणि प्लगच्या भोकातून हवा भरली, तर सायलेन्सरमधून येणारा आवाज एक्झॉस्ट व्हॉल्व्हचाच, हे हेड उतरवण्याआधी खात्रीनं कसं ओळखायचं?