मदत हवी आहे: लॅपरोस्कोपीत सर्जनने दिलेल्या गुणांवर थिसिस उभा करावा का?

नमस्कार मंडळी,

मी भूलशास्त्राची रेसिडेंट आहे. एमडीच्या थिसिससाठी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनमध्ये रिलॅक्संटचा (स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा) मध्यम आणि खोल परिणाम यांची तुलना करायची आहे. सर्जनला पोटात काम करायला किती सोपं गेलं, हेच मुख्य मोजमाप.

त्यासाठी नेदरलँड्समधल्या लायडनची पाच गुणांची पट्टी घ्यायची ठरवलंय. १ म्हणजे काम करणंच अशक्य, ५ म्हणजे उत्तम. तिथल्या २०१४ च्या अभ्यासात एकाच सर्जनने दर १५ मिनिटांनी गुण दिले. सरासरी मध्यम गटात ४.०, खोल गटात ४.७. पण त्याच शस्त्रक्रियांचे व्हिडिओ भूलतज्ज्ञांना दाखवले तेव्हा त्यांचे गुण सर्जनच्या गुणांशी जवळपास जुळलेच नाहीत. मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोटाची भिंत किती ताठ लागते, हे पडद्यावर कसं कळणार? ते हाताला कळतं.

आमच्याकडे तीन सर्जन आहेत. एकाला जे ३ वाटतं ते दुसऱ्याला सहज ४ वाटेल. एकच सर्जन घेतला तर गुण एकसारखे राहतील, पण निष्कर्ष त्याच्यापुरताच. तिघं घेतले तर रँडमायझेशन (पेशंट कुठल्या गटात जाईल याची चिठ्ठी) सर्जननिहाय करावं का?

दुसरी अडचण पोट फुगवायला भरलेल्या गॅसच्या दाबाची. जागा कमी पडली की सर्जन १२ mmHg चा दाब १५ करायला सांगतात. मग मिळालेला ४ रिलॅक्संटमुळे की वाढवलेल्या गॅसमुळे? दाब १२ वरच ठेवून, जास्त दाब किंवा जादा डोस मागितला की वेळेसह नोंदवायचा, असा माझा विचार आहे. पेशंटच्या सुरक्षिततेसाठी दाब वाढवावाच लागला, तर त्यानंतरचे गुण वेगळे धरायचे का?

एकाच पेशंटचे अनेक गुण असल्याने साधी टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीची तुलना) मला पटत नाही, शिवाय १ ते ५ हे नुसते क्रम आहेत. गाईड म्हणतात सरासरी चालेल. मला सर्वात कमी गुण जास्त बोलका वाटतो, कारण क्लिप लावताना डायफ्रॅम (छाती-पोटामधला श्वासाचा पडदा) उसळला तर बाकीचा तास कितीही छान गेला असला तरी धोका होऊन गेलेला असतो.

खोल गटात शेवटी रिलॅक्संटचा परिणाम उतरवायला निओस्टिग्मिन या औषधाने भागणार नाही, सुगमाडेक्स हे दुसरं औषध लागेल. त्याचा खर्च एथिक्स कमिटीसमोर मांडतेय, तो प्रश्न इथे नाही.

असा अभ्यास केलेल्या भूलतज्ज्ञांनी, सर्जन मंडळींनी आणि संख्याशास्त्र जाणणाऱ्यांनी कृपया सांगावं. विशेषतः सर्जन लोकहो, गुण देताना तुम्ही नक्की काय बघता: जागा, हालचाल की हाताला जाणवणारा ताठरपणा?