'असामान्य' फुप्फुसं? रिपोर्टमधल्या शब्दांना मराठीत काय म्हणायचं

परवा आईची पीएफटी केली, ती नळीत जोरात फुंकायची तपासणी. रिपोर्टवर अबनॉर्मल. पोराने मोबाइलवर मराठी करून वाचलं, "फुप्फुसे असामान्य आहेत", तर आई खूश, म्हणे तीस वर्षं चूल फुंकली त्याचं बक्षीस :) पण खरंच, असामान्य म्हणजे तर कौतुकच ना? आणि डॉक्टर म्हणाले अजून सीओपीडी (क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज, श्वासनळ्या चोंदण्याचा जुनाट आजार) नाही पण पुढे व्हायचा चान्स आहे, या मधल्या अवस्थेला शब्द काय?

– अबनॉर्मलला 'सदोष'?

– सदोष मशीन असतं हो, माणसाला लागतं ते. सरळ 'फुंक कमी पडली' म्हणा, मोजतात तेच. छाती भरून श्वास घेऊन एकूण हवा किती सोडली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती सुटली. श्वासनळ्या मोकळ्या करायचं औषध ओढल्यावरही पहिल्या सेकंदाच्या हवेचं एकूण हवेशी प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली असेल तर सीओपीडीचा संशय. तुमच्याकडे बहुतेक प्रमाण ठीक पण पहिल्या सेकंदाची हवा अपेक्षेच्या ८० टक्क्यांखाली, असं असणार. त्याला 'प्रिझम' म्हणतात, लोलकाशी संबंध नाही, आद्याक्षरं आहेत. यातले काही पुढे सीओपीडीत जातात, काही परत नॉर्मल होतात, काही तिथेच राहतात.

– ऑब्स्ट्रक्टिव्हला पुस्तकी 'अवरोधी' कशाला, नाक चोंदतं तशा नळ्या चोंदल्या म्हणा, हवा बाहेर पडताना अडकते. रिस्ट्रिक्टिव्ह म्हणजे फुप्फुसं आखडली, पुरती फुगतच नाहीत. आणि क्रॉनिक म्हणजे जुनाट, लोक उगाच 'गंभीर' समजून घाबरतात.

– मग सीओपीडी म्हणजे दमाच ना?

– नाही. दम म्हणजे फारसीत श्वास, त्यावरून दमा. दम्यात नळ्या आवळतात नि औषधाने बऱ्याच मोकळ्या होतात, सीओपीडीत पूर्ण मोकळ्या होत नाहीत. धाप दोन्हीत लागते म्हणून गल्लत होते.

– चान्स नको, लॉटरी वाटते. जोखीमही नको, ती माणूस स्वतः पत्करतो, चुलीचा धूर काय तुमच्या आईने पत्करला होता? धोका म्हणा.

– (मूळ प्रश्नकर्ता) 'फुंक कमी पडली' आवडलं. आईला सांगितलं तर म्हणते, "पडणारच, मला खोकल्याची ढास आली म्हणून मी अर्ध्यातच सोडून दिलं."

– अहो मग तो रिपोर्ट धरूच नका! अर्ध्यात सोडलं की एकूण हवा खोटी कमी दिसते आणि प्रमाण उगाच ठीक येतं. परत करून घ्या.