१/७२ हॉक लाल रंगवायचाय, पण पाऊस उघडायचं नाव घेईना

राजारामपुरी_७२
मंडळी नमस्कार. एअरफिक्सचा हॉक जेटचा प्लास्टिक किट आणलाय, १/७२ म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा, रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई कसरत पथकाचा, म्हणजे टी१ प्रकार. पण मला तो आपल्या वायुसेनेच्या सूर्यकिरण कसरत पथकाचा करायचाय, लेकीनं येलहंकाला एरो इंडियात त्यांची नऊ विमानं एकत्र उडताना बघितली तेव्हापासून तिचं एकच टुमणं चालूय. कॉकपिट झालंय, फ्यूजलाजचे, म्हणजे धडाचे, दोन भाग अजून चिकटवले नाहीत. पण सध्या इथं अशी हवा आहे की दोरीवरचा टॉवेल तीन-तीन दिवस वाळत नाही, मग स्प्रे कॅन मारू का दिवाळीपर्यंत थांबू? आणि टी१ चा सूर्यकिरण केला तर जाणकार हसतील का, तेही सांगा. कॅनोपीचं पण भ्या वाटतंय, एवढी मोठी काच आहे आणि सगळं लक्ष तिकडंच जाणार.

जुना_कारागीर
हसणार कोणी नाही, पण फरक माहीत असू द्या. आपल्या वायुसेनेचा हॉक म्हणजे मार्क १३२, त्याचं नाक टी१ पेक्षा लांब आणि वेगळ्या आकाराचं. खऱ्या विमानात एकूण लांबीचा फरक अर्ध्या मीटरहून जास्त आहे, तो ७२ नं भागा, सात-आठ मिलिमीटर येतात. शेजारी खऱ्याचा फोटो ठेवला तर पटकन कळतं, नुसतं शोकेसमध्ये ठेवलं तर नाही. शिवाय रेड ॲरोजच्या हॉकला पोटाखाली धूर सोडायचा पॉड, म्हणजे लांबट टाकी असते, त्यात डिझेल आणि रंग भरतात. तो सरळ चिकटवून मोकळे होऊ नका, आधी सूर्यकिरणच्या विमानाचे खालून काढलेले फोटो बघा आणि मग ठरवा.

माझं मत विचाराल तर हॉक १०० सिरीजचा किट मिळाला तर तो घ्या आणि हा टी१ लाल रेड ॲरोजच करा. सूर्यकिरण १९९६ ला सुरू झाली तेव्हा किरण मार्क २ या जुन्या ट्रेनर जेटवर उडायची, २०११ ला बंद पडली आणि नंतर परत उभी राहिली ती हॉक १३२ वर. म्हणजे टी१ त्यांच्याकडं कधी नव्हताच. किटवर पैसे घातलेत तर विमान तरी खरं असू दे, हे माझं जुनं हट्टी मत.

उद्यमनगर_बूथ
अहो काका, पोरीला सूर्यकिरण पायजे आणि तुम्ही तिला रेड ॲरोज देताय होय 😄 भावा, नाक वाढव. कापायचं नाही काही, पुढं एमसीलचा गोळा लावायचा, कडक झाला की फोटो बघत बघत आधी २२० आणि मग ४०० च्या पेपरनं घासायचा, पाण्यात भिजवून घास नायतर धूळ लई उडती. पण त्याआधी नाकाच्या आत वजन बसव, फ्यूजलाज बंद झालं की हात जात नाही. पुढं एक चाक आणि मागं दोन असली विमानं वजन नसलं की शेपटीवर बसत्यात. सायकलच्या बेअरिंगचे छर्रे घे, अराल्डाइटमध्ये बुडवून कोंब, फेविकॉलमध्ये नको, पाण्यानं गंज धरतो.

आता रंगाचं. आमच्याकडं गाड्या रंगवताना पावसाळ्यात हेच होतं, थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसती आणि चकचकीत रंग दुधाळ होतो. त्याला आम्ही ब्लशिंग म्हणतो. उपाय एवढाच की धो-धो पडत असताना मारायचं नाही, दुपारी उघडीप मिळाली की मार, आणि मॉडेल मारायच्या आधी तासभर घरात कोरड्या जागी ठेव. कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं धर, कोमटच बरं का, उकळतं नाही, फुटला तर विमान राहू दे, बघणारा पण राहणार नाही. पातळ कोट, दोन कोटांत अर्धा तास तरी. कुणाचा कॉम्प्रेसर वापरणार असशील तर टाकीखालचा कॉक उघडून पाणी सोड आधी, या दिवसात लोटाभर निघतं. आणि एनसी थिनरच्या नादी लागू नको, प्लास्टिक खातंय ते.

लाल रंग करड्या प्लास्टिकवर डायरेक्ट मारला तर विटकरी दिसतो. पयला पांढरा प्रायमर, त्यावर पांढरा ग्लॉस, तो दोन दिवस वाळू दे, मग जिथं पांढरं ठेवायचंय तिथं टेप लावून लाल. टेपच्या कडेला लाल मारायच्या आधी परत एक हलका पांढरा हात मार, म्हणजे जी फट आहे ती पांढऱ्यानंच भरती आणि लाल आत घुसत नाही. हा एक हात सोडला तर बाकी सगळी मेहनत पाण्यात.

खिडकीतला_टेबल
कॅनोपीबद्दल मी सांगते. फेविक्विक जवळपास सुद्धा आणू नका, त्याच्या वाफेनं काच आतून पांढरी होते आणि चिकटवून झाल्यावर आत पुसता येत नाही. पातळ फेविकॉल ब्रशनं कडेला लावा, वाळला की दिसत नाही. हॉकच्या काचेवर नागमोडी पांढरट रेषा असतात, ती स्फोटक दोरी आहे, पायलट बाहेर पडताना काच आधी फोडायला. काही किटमध्ये ती काचेतच उठवलेली असते, काहींत डिकल म्हणून, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र. उठवलेली असेल तर ओरखडे समजून पॉलिश करून काढून टाकू नका, सगळ्यात बारीक ब्रशनं फक्त उंचवट्यावरून फिकट करडा फिरवा.

वजनाचं मात्र उद्यमनगरशी सहमत, आणि नाकाच्या बाबतीत पण. जुना_कारागीर यांचं बरोबर आहे, पण ते त्यांच्या शेल्फसाठी बरोबर आहे.

जुना_कारागीर
मान्य, शेल्फ माझं नाही. मग एमसील लावाच.

राजारामपुरी_७२
लई आभार सगळ्यांचे. ठरलं, नाक वाढवतोय, छर्रे उद्याच आणतो. आता डिकलचं सांगा, रेड ॲरोजच्या डिकल शीटवर आपल्या वायुसेनेचा तिरंगी गोल कुठनं येणार, घरच्या इंकजेटवर छापू का?

खिडकीतला_टेबल
इंकजेटला पांढरी शाई नसते. पारदर्शक डिकल पेपरवर छापलात तर लाल विमानावर केशरी गायब होईल आणि हिरवा काळपट दिसेल. पांढऱ्या डिकल पेपरवर छापा, बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. छापल्यावर क्लिअर लॅकरचे दोन हलके कोट द्या, नाहीतर पाण्यात शाई पसरते. अगदी कडेवर कापा, आणि डिकल लावायच्या आधी लाल रंगावर ग्लॉस असू दे, खडबडीत रंगावर खाली हवा अडकून चंदेरी दिसतं. तुमच्या या पावसात प्रत्येक डिकल रात्रभर वाळू द्या, घाईनं दुसऱ्या बाजूला हात लावलात तर पहिली सरकते.