पोळ्याच्या गाण्यांना बैल समोर हवा का?

तिफण:
पोळ्याच्या संध्याकाळी बैलांवरच्या, मुक्या जनावरांवरच्या गाण्यांचा कार्यक्रम बऱ्याच गावांत होतो. झडत्या, म्हणजे पोळ्याला तोरणाखाली म्हणायची गाणी, बैलांकडून विहिरीचं पाणी उपसताना म्हणायची मोटेवरची गाणी, शेतकऱ्यावर बैलाचं ऋण आहे असं सांगणारी बहिणाबाईंची ‘पोया’ (पोळा) ही कविता. आता त्यात सजवलेली जोडी मंचावर आणून पूजायची टूम निघाली आहे. माझा याला साफ विरोध आहे. बैलाला २३ हर्ट्झपासून ३५ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि त्याचा कान सर्वांत तिखट असतो तो ८ किलोहर्ट्झच्या आसपास. ताशा, झांज, माइकची शिट्टी त्याला आपल्यापेक्षा जास्त टोचते. शिवाय मंच फळ्यांचा, खाली पोकळ. खूर पडला की दणका उठतो, पाय घसरतो. बैल बुजला की धरणारा वेसण ओढतो आणि नाकाचं भोक चिरतं. भूतदयेची गाणी म्हणायची तर हे चालणार नाही.

मोटकरी:
मंच नको, इथपर्यंत पटलं. पण बैलच नको म्हणाल तर गाणं अर्धं राहतं. मोट विहिरीत सोडताना बैल मागे सरकत धाव, म्हणजे विहिरीलगतची उतरण, चढतात, भरली की उतारानं ओढत जातात. मोटेवरच्या गाण्याची लय त्या ये-जा करण्यावर बसलेली आहे, आणि ते गाणं बैलालाच ऐकवायचं असायचं. झडतीही तोरणाखाली, जोड्या उभ्या असताना म्हणतात. माणसाच्या गळ्याला बैल बुजत नाही, कर्ण्याला बुजतो. मग कर्णा बंद ठेवा. पाच वाजता तोरणाखाली बिनमाइकच्या झडत्या, अर्ध्या तासात बैल घरी. माइक त्यानंतर.

गोठा:
भाऊ, बैल गोठ्यात पोचेपर्यंत अंगावर काय काय होतं तेही बघा. शिंगाच्या आत जिवंत हाड आणि रक्तवाहिन्या असतात. शिंग साळताना, म्हणजे तासताना, पातं खोल गेलं की रक्त येतं, आणि या दिवसांत माशी बसून अळ्या पडायला वेळ लागत नाही. ऑइलपेंट नंतर सुरीनं खरवडतात, तेव्हा पुन्हा शिंग सोलतं. त्यापेक्षा गेरू लावा, पाण्यानं निघतो. आदल्या दिवशी खांदमळणीला, म्हणजे बैलाचा खांदा तूप-हळदीनं चोळतात तेव्हा, तो बोटांनी चाचपा. जुवानं सूज आली असेल, कातडी सोललेली असेल, तर तिथे तूप-हळद रगडू नका. साफ करून डॉक्टरांना दाखवा आणि भरेपर्यंत जू ठेवू नका. आणि घरोघरी पुरणपोळी भरवणं थांबवा. सवय नसताना एवढं पुरण-गूळ-कणीक पोटात गेली की ती आंबते, ॲसिडोसिस होतो. बैल रवंथ सोडतो, पातळ हागतो, बसून राहतो. मानाचा एक घास पुरे, बाकी रोजची वैरण. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदकानं हेच सांगावं. लोक त्या वेळी खरंच ऐकतात.

झडतीवाला:
हे सांगणं उत्तम. पण गाणी निवडताना कात्री लावू नका. ज्या गाण्यांत पराणी (बैल हाकायची टोकदार काठी) आहे, आसूड आहे, ती गाळायची मागणी होते. पराणीच्या टोकाची आर बैलाच्या पुठ्ठ्यात घुसायची, हे लोकगीतात आहे कारण ते शेतात होतं. ते गाळलं तर पोरांना वाटेल की बैल नुसता पूजलाच जायचा.

तिफण:
गाळू नका, मान्य. पण ठेक्यावर शिट्ट्या पडतील अशा चालीत आसूड नको. तसलं गाणं संथ, एका गळ्यावर घ्या. बैलांबाबत मात्र मी तिथेच आहे. बिनमाइकचा अर्धा तास म्हणता, पण गुलाल, फटाके, पोरांचे मोबाइलचे फ्लॅश कोण थांबवणार? बैलाला जवळजवळ मागपर्यंत दिसतं, बाजूनं चमकलं की तो दचकतोच. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळ्याला लाकडी बैल असतात. मंचावर तोच ठेवा.

मोटकरी:
लाकडी बैल पोरांचा. शेतकऱ्याचा पोळा जित्या बैलाचा. दोन जोड्यांमध्ये दहा हात अंतर, प्रत्येक बैलापाशी घरचा माणूस, दावं सैल, पाण्याची बादली जवळ, फटाका दिसला की कार्यक्रम तिथेच थांबवायचा. एवढं जमत नसेल तर आणू नका, हे मीही म्हणेन.

गोठा:
आणि तिकीट लावत असाल तर वाद मिटलाच. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्रदर्शन’ म्हणजे तिकीट घेऊन लोकांना दाखवणं, आणि २०११ च्या अधिसूचनेनं त्याला मनाई असलेल्या प्राण्यांत बैलही आला. तिकिटाच्या मांडवात जोडी उभी करू नका. कर्णे मात्र फुकट कार्यक्रमातही रात्री दहाला बंद करावे लागतात. आणि ते गोठ्यांकडे तोंड करून बांधू नका.