काजिवारा इक्कीची अटक का उगाळू नये?

पुठ्ठाबांधणी: काल इथे कोणीतरी लिहिलं, 'जपानी कॉमिक्सचा (मांगा) लेखक काजिवाराने जपानच्या एका पिढीला जिद्द शिकवली, १९८३ ची अटक आता उगाळू नका.' का नको? ज्या कोदान्शा प्रकाशनाने त्याची 'क्योजिन नो होशी' (बेसबॉलची) आणि 'आशिता नो जो' (बॉक्सिंगची) ही कॉमिक्स छापून त्याला मोठं केलं, तिथल्याच उपसंपादकावर त्याने हात उचलला, म्हणून ती अटक. १९८७ मध्ये वयाच्या पन्नाशीत गेला. चरित्र सांगताय ना, मग पूर्ण सांगा. आणि 'क्योजिन'मधला बाप पोराच्या अंगावर स्प्रिंगांचा सापळा चढवतो, त्याला तपश्चर्या म्हणायचं?

तिसरी_घंटा: माणूस तापट होता, मान्य. पण 'आशिता नो जो'मधला रिकिइशी मेला तेव्हा, मार्च १९७० मध्ये, कागदावरच्या बॉक्सरच्या अंत्यविधीला शेकडो माणसं आली. ही ताकद लेखणीची.

पुठ्ठाबांधणी: निम्मं श्रेय चित्रकार तेत्सुया चिबाचं! रिकिइशी पुढे नायक जोचा प्रतिस्पर्धी होणार हे ठाऊक नसल्याने त्याने तो धिप्पाड काढला. मग एका वजनगटात आणायला उपाशी ठेवावं लागलं. जिमचे नळ तारेने आवळलेत आणि हा पाण्यासाठी तडफडतोय, हे सगळं त्यातून आलं. गोष्टीचा शेवटही चिबाचाच, काजिवाराने लिहिलेला त्याने घेतला नाही.

मैदानावरची_आई: स्प्रिंगांवर बोला. २०१२ मध्ये 'क्योजिन'चीच गोष्ट 'सूरज: द रायझिंग स्टार' या कार्टून मालिकेत मुंबईत आणली, बेसबॉलच्या जागी क्रिकेट. आमच्या नेट्सवर एक बाबा पोरगा शून्यावर बाद झाला की पॅड न काढता भर उन्हात फेऱ्या मारायला लावायचे. तो मुलगा आता बॅटला हात लावत नाही.

तिसरी_घंटा: याचा काजिवाराशी काय संबंध? मला वडिलांनी पहाटे चारला उठवून पळवलं, म्हणून भरतीत टिकलो. उठसूट छळ म्हणू नका!

मैदानावरची_आई: पळवणं वेगळं, शिक्षा वेगळी. तुम्ही टिकलात म्हणून सांगताय. त्या मुलाला कोण विचारतं?

तिसरी_घंटा: बरं, ते बाबा चुकले. पण 'टायगर मास्क'ही काजिवाराचाच. अनाथाश्रमातून आलेला पैलवान नाओतो दाते, जिंकलेला पैसा तिथल्या पोरांवर घालवतो. २०१० च्या नाताळात गुन्मा प्रांतात कोणीतरी त्याच नावाने मुलांसाठी दहा दप्तरं ठेवून गेलं, मग जपानभर लोक तसंच करू लागले. हेही उगाळायचं नाही का?

पुठ्ठाबांधणी: दप्तरांचं श्रेय दिलं, खळखळ न करता. आता अटकेचंही लिहा. 'उगाळू नका' ही ओळ मात्र काढायला लावा.